अमेरिकेला निघण्याआधी फोन आणि लॅपटॉप कसे तयार करावेत

अमेरिकेच्या विमानतळावर पासपोर्ट तपासणारा अधिकारी तुमचा फोन मागू शकतो, आणि त्यासाठी त्याला कोर्टाचं वॉरंट लागत नाही. अटक केलेल्या माणसाचा फोन चाळायचा तर पोलिसांनी आधी वॉरंट आणावं, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं. सीमेवर मात्र सामान उघडून बघण्याचा सरकारचा जुना अधिकार आहे, आणि सीमा सांभाळणारं खातं, म्हणजे सीबीपी, फोन-लॅपटॉपही सामानातच धरतं. तिथल्या कोर्टांचं यावर एकमत नाही. कॅलिफोर्निया ज्याच्या हद्दीत येतं त्या अपील कोर्टाने २०१३ मध्ये म्हटलं की यंत्र लावून सखोल तपासणी करायची तर संशयाला काही आधार हवा. २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका न्यायाधीशाने जेएफके विमानतळावर फोन तपासायलाही वॉरंट हवं, असा निकाल दिला. पण लांबचा प्रवास करून, झोप नसताना काउंटरसमोर उभ्या राहिलेल्या माणसाला या निकालांचा तिथल्या तिथे काही उपयोग होत नाही.

आकडे बघितले तर घाबरण्यासारखं काही नाही. अमेरिकेच्या २०२४ च्या आर्थिक वर्षात ४२ कोटींच्या आसपास प्रवासी सीमेवरून आत आले आणि ४७,०४७ उपकरणं तपासली गेली. म्हणजे नऊ हजार माणसांमागे एखादं. तरीही तयारी करावी असा माझा आग्रह आहे, कारण फोनमध्ये फक्त आपलं काही नसतं. बहिणीचे तपासणीचे रिपोर्ट, बाबांचं आधार कार्ड, मैत्रिणीने घटस्फोटाच्या काळात पाठवलेले मेसेज, ऑफिसच्या क्लायंटची कागदपत्रं, हे सगळं आपण खिशात घेऊन फिरतो. त्या माणसांना कुणी विचारलेलं नाही. शिवाय ही सगळी तयारी फोन टॅक्सीत विसरला किंवा चोरीला गेला तरी तितकीच उपयोगी पडते.

सगळ्या तयारीचा पाया एकच आहे: जे सोबत नेलंच नाही ते कुणी बघू शकत नाही. काय न्यायचं हे घरी, निवांतपणे ठरवायचं असतं.

तपासणी नेमकी कशी होते

सीबीपीने २०१८ मध्ये काढलेल्या निर्देशपत्रात तपासणीचे दोन प्रकार केले आहेत. पहिल्यात अधिकारी फोन हातात घेऊन स्वतः चाळतो: फोटो, मेसेज, ईमेल, कॉन्टॅक्ट. त्याला कसलाही संशय असण्याची गरज नाही. दुसऱ्यात फोन यंत्राला जोडून त्यातला मजकूर उतरवून घेतात किंवा त्याचं विश्लेषण करतात. त्यासाठी कायदा मोडल्याचा साधार संशय किंवा राष्ट्रीय सुरक्षेचं कारण लागतं, आणि वरिष्ठाची परवानगी लागते. २०२४ च्या ४७ हजारांपैकी साडेचार हजारांहून कमी तपासण्या या दुसऱ्या प्रकारच्या होत्या.

आपल्या तयारीच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा नियम वेगळाच आहे. जे फक्त क्लाउडवर आहे, फोनमध्ये नाही, ते अधिकाऱ्याने बघायचं नसतं. तपासणीआधी फोन एअरप्लेन मोडवर टाकायचा किंवा नेटवर्क बंद करायचं असतं. म्हणजे गुगल ड्राइव्हवर असलेली आणि फोनवर उतरवलेली नसलेली फाइल या तपासणीच्या बाहेर राहते. मात्र ॲपमध्ये लॉगिन केलेलं असेल तर नुकत्याच उघडलेल्या फाइली, फोटोंच्या छोट्या प्रती आणि ईमेलचे जुने धागे फोनमध्ये साठून राहिलेले असतात. म्हणून पुढे लॉगआउटबद्दल इतकं लिहिलं आहे.

आणखी एक गोष्ट मुंबईहून जाणाऱ्यांना बरेचदा माहीत नसते. अबू धाबीमार्गे अमेरिकेला गेलात तर अमेरिकेचं इमिग्रेशन अबू धाबीतच होतं. आयर्लंडमधल्या डब्लिनला आणि कॅनडातल्या टोरोंटो, व्हँकुव्हर अशा विमानतळांवरही तसंच आहे. ‘अमेरिकेला उतरायच्या आधी विमानात करू’ म्हणून ठेवलेली कामं तिथे उशिराची ठरतात.

आधी हे ठरवा: तुमचा कागद कोणता

पासवर्ड द्यायला नकार दिला तर काय होईल, हे तुम्ही कोणत्या कागदावर आत येताय त्यावर अवलंबून आहे.

अमेरिकी नागरिकाला फोन उघडला नाही म्हणून देशात येण्यापासून रोखता येत नाही. फोन मात्र काढून घेता येतो, आणि ताटकळत ठेवता येतं. ग्रीन कार्डवाल्यांना सहसा इमिग्रेशन न्यायाधीशासमोर बाजू मांडण्याचा हक्क आहे. कुणी ‘आय-४०७’ नावाचा फॉर्म पुढे केला तर तो स्वतःहून ग्रीन कार्ड सोडण्याचा फॉर्म आहे, हे लक्षात ठेवा. वकिलाशी बोलल्याशिवाय त्यावर सही करायची नाही. नोकरीच्या एच-१बी किंवा एल-१, विद्यार्थ्यांच्या एफ-१ किंवा पर्यटक व्हिसावर असलेल्यांचा आधार सगळ्यात कच्चा असतो, कारण व्हिसा असूनही प्रवेश नाकारला जाऊ शकतो आणि फोन न उघडणं त्याला कारण ठरू शकतं.

त्यामुळे व्हिसावर जाणाऱ्यांना माझा सल्ला असा: काउंटरवर नकार देण्यावर तुमची सुरक्षितता टांगून ठेवू नका. फोन उघडावा लागेल असं धरूनच तयारी करा. म्हणजे उघडला तरी त्यात प्रवासापुरतंच सापडेल.

दोन आठवडे आधी: कोणता फोन न्यायचा

दोन मार्ग आहेत. एक म्हणजे घरात पडलेला जुना फोन फॅक्टरी रीसेट करून, म्हणजे सगळं पुसून नव्यासारखा करून, नवं गुगल किंवा ॲपल खातं उघडून तोच प्रवासाला नेणं. पत्रकार, वकील, डॉक्टर, सीए, कंपनीची गुपितं हाताळणारे, यांना हा मार्ग चांगला. जुना फोन घेताना एवढं बघा की त्याला अजून सुरक्षा अपडेट मिळतात. चार वर्षं अपडेट न झालेला फोन न्यायचा तर त्यापेक्षा नेहमीचाच बरा.

दुसरा मार्ग म्हणजे रोजचाच फोन हलका करणं. बहुतेकांना हाच जमतो, कारण यूपीआय आणि बँकेची ॲप सिमला आणि फोनला बांधलेली असतात. पुढचं बहुतेक या दुसऱ्या मार्गाबद्दल आहे.

एक गोष्ट टाळा: फोन अगदी कोरा करून नेऊ नका. आईचा फोन नंबर नाही, एक फोटो नाही, एक मेसेज नाही, असा फोन साहजिकच प्रश्न निर्माण करतो. घरच्यांचे नंबर, चार-दोन फोटो, तिकीट, हॉटेल, नकाशे, असं साधं काहीतरी त्यात असू द्या. आणि डेटा घरी ठेवून जाणं हा गुन्हा नसला तरी, एखाद्या चौकशीशी किंवा कोर्टातल्या प्रकरणाशी संबंधित मजकूर पुसणं हा गुन्हा ठरू शकतो. तशी परिस्थिती असेल तर काहीही पुसण्याआधी वकिलाला विचारा.

बॅकअप, आणि तो परत आणून बघणं

हलकं करण्याआधी सगळ्याची प्रत घरी राहिली पाहिजे. फोटो, कागदपत्रं आणि कॉन्टॅक्ट एका हार्ड डिस्कवर घ्या, डिस्कला पासवर्ड लावा आणि ती घरी विश्वासाच्या माणसाकडे ठेवा. शिवाय क्लाउडवर एक प्रत असू द्या. मग त्यातल्या दोन-तीन फाइली दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. बॅकअप घेतला असं वाटतं पण फाइली उघडत नाहीत, हे परदेशात गेल्यावर कळलं तर हातात काही उरत नाही.

फोटो

इथे लोक हमखास फसतात, म्हणून जरा सावकाश.

गुगल फोटोजमध्ये साधं ‘डिलीट’ दाबलं तर फोटो फोनमधून आणि क्लाउडवरून, दोन्हीकडून जातो. आपल्याला फक्त फोनमधून काढायचा असतो. त्यासाठी आधी बॅकअप पूर्ण झाल्याची खूण बघा, मग ‘फ्री अप स्पेस’ वापरा. एकेक फोटो काढायचा असेल तर ‘डिलीट फ्रॉम डिव्हाइस’. त्यानंतर त्या ॲपमधून खातं काढा, नाहीतर क्लाउडवरच्या फोटोंच्या छोट्या प्रती तिथे दिसतच राहतात.

आयफोनवर आयक्लाउड फोटोज चालू असताना फोनमधला फोटो पुसला की तो आयक्लाउडवरूनही जातो. तिथे आधी सेटिंगमध्ये जाऊन आयक्लाउड फोटोज बंद करायचं, आणि विचारल्यावर फोनवरून काढण्याचा पर्याय निवडायचा.

मग कचरापेटी. आयफोनमधल्या ‘रिसेंटली डिलीटेड’ अल्बममध्ये फोटो साधारण ३० दिवस राहतात. गुगल फोटोजच्या ‘बिन’मध्ये बॅकअप झालेले फोटो ६० दिवस राहतात. फोनमधल्या फाइल मॅनेजरचा ‘ट्रॅश’ वेगळा असतो. मार्च २०२५ मध्ये बॉस्टन विमानतळावरून एका लेबनीज डॉक्टर महिलेला परत पाठवलं गेलं. तिच्याकडे एच-१बी व्हिसा होता. सरकारने कोर्टात जी कारणं दिली त्यात तिच्या फोनमधल्या पुसलेल्या फोटोंच्या फोल्डरचा उल्लेख होता. त्या प्रकरणातलं खरं-खोटं बाजूला ठेवलं तरी पुसलेला फोटो अजून फोनमध्येच असतो, हे त्यातून दिसतं. मात्र गुगल फोटोजचा बिन रिकामा केला की क्लाउडवरची प्रतही कायमची जाते, तेव्हा घरच्या हार्ड डिस्कवर तो फोटो आहे ना, हे बघूनच रिकामा करा.

व्हॉट्सॲप

मराठी घरातला सगळा संसार व्हॉट्सॲपवर असतो: सोसायटीचा ग्रुप, शाळेचा ग्रुप, गावाकडच्या भावकीचा ग्रुप, आणि कुणी न वाचता पुढे ढकललेले राजकीय व्हिडिओ. ऑटो-डाउनलोड चालू असेल तर यातलं सगळं तुमच्या गॅलरीत येऊन बसतं. ते तुम्ही पाठवलेलं नाही, बघितलेलंही नाही, पण फोनमध्ये आहे.

पहिलं काम म्हणजे सेटिंगमधल्या ‘स्टोरेज अँड डेटा’मध्ये जाऊन मीडिया ऑटो-डाउनलोड बंद करा. दुसरं, ‘मॅनेज स्टोरेज’ उघडून मोठ्या ग्रुपमधला जुना मीडिया काढा. तिसरं, ज्या ग्रुपांशी तुमचा काही संबंध उरलेला नाही त्यांतून बाहेर पडा. एवढं सगळ्यांनी करावं, अमेरिकेला जायचं नसलं तरी.

त्याहून पुढे जायचं असेल तर उड्डाणाआधी व्हॉट्सॲप फोनमधून काढून टाका आणि मुक्कामी पोचल्यावर परत टाका. त्यासाठी ‘चॅट बॅकअप’मध्ये जाऊन ‘एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप’ (पासवर्डशिवाय कुणालाच वाचता न येणारा) चालू करा आणि त्याचा पासवर्ड कागदावर लिहून घरी ठेवा. तो हरवला तर व्हॉट्सॲपलाही तुमचे चॅट परत आणता येत नाहीत. सहा आकडी ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’ पिन लावलेला असू द्या. ॲप परत टाकताना भारतातल्या नंबरवर एसएमएस यावा लागतो, तेव्हा रोमिंग आधी सुरू करून घ्या. आणि अँड्रॉइडवर ॲप काढलं तरी त्याचे फोटो-व्हिडिओ स्टोरेजमध्ये मागे राहू शकतात. फाइल मॅनेजरमध्ये ‘मीडिया’च्या फोल्डरात जाऊन एकदा बघा.

मुलीच्या बाळंतपणाला निघालेल्या आई-बाबांसाठी दोन शब्द वेगळे. पर्यटक व्हिसावर नोकरी करता येत नाही. ‘तिकडे जाऊन बाळाला सांभाळायचंय, मग त्यांचा आयाचा खर्च वाचेल’ अशी चॅटमधली प्रेमाची वाक्यं अधिकाऱ्याला कामाचा करार वाटू शकतात. खरं कारण सरळ सांगायचं: मुलीला आणि नातवंडाला भेटायला आलोय, इतके दिवस राहणार, अमुक तारखेचं परतीचं तिकीट आहे. इंग्रजी अडत असेल तर ‘मराठी इंटरप्रिटर, प्लीज’ म्हणायला लाजू नये. न समजलेल्या प्रश्नाला मान डोलावणं त्याहून धोक्याचं आहे. मुलांनो, आई-बाबांच्या फोनची ही साफसफाई तुम्ही व्हिडिओ कॉलवरून शेजारी बसल्यासारखी करून द्या. त्यांच्यावर सोडू नका.

ईमेल, ब्राउझर, पासवर्ड

क्रोमसारख्या ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड म्हणजे सगळ्या खात्यांची किल्ली. प्रवासापुरता ब्राउझर खात्यातून बाहेर काढा आणि हिस्टरी साफ करा. पासवर्ड मॅनेजर वापरत असाल तर काहींमध्ये प्रवासाची खास सोय असते. वनपासवर्डमध्ये ‘ट्रॅव्हल मोड’ चालू केला की तुम्ही निवडलेले कप्पे सोडून बाकीचे फोनवरून निघून जातात आणि पोचल्यावर वेबसाइटवरून परत आणता येतात. ईमेलचं मुख्य खातं फोनवरून काढा आणि तिकीट-हॉटेलसाठी एक वेगळं खातं ठेवा. डिजिलॉकर, एमआधार, म्युच्युअल फंडांची ॲप, प्रवासात न लागणारी बँकेची ॲप, सगळ्यांतून लॉगआउट किंवा सरळ अनइन्स्टॉल.

आता उलटा धोका: इतकं सगळं बंद करून आपणच बाहेर अडकायला नको. ओटीपी देणारं ॲप फोनमध्येच असेल आणि फोनच ताब्यात घेतला गेला, तर ईमेलसुद्धा उघडणार नाही. गुगल खात्याचे बॅकअप कोड छापून घ्या. एक प्रत घरी, एक पाकिटात, आणि पाकिटातल्या प्रतीवर ते कोणत्या खात्याचे आहेत हे लिहू नका. यूपीआयचं ॲप शक्यतो त्याच फोनमध्ये, त्याच सिमसोबत राहू द्या. दुसऱ्या फोनवर ते सुरू करायला त्या सिममधून एसएमएस जावा लागतो. सिमला पिन लावा, पण तो पाठ करूनच, कारण तीनदा चुकला की सिम अडकतं आणि ते उघडायला मोबाइल कंपनीचा पीयूके कोड लागतो. फिरण्यासाठी परदेशी ई-सिम आणि ओटीपीसाठी भारतीय सिम, ही जोडी चांगली चालते.

कुलूप

फोन आणि लॅपटॉप दोन्ही एन्क्रिप्टेड हवेत, म्हणजे पासवर्डशिवाय आतला मजकूर वाचता येऊ नये. आजचे आयफोन आणि अँड्रॉइड फोन पासकोड लावला की एन्क्रिप्टेडच असतात. लॅपटॉपचं मात्र स्वतः बघावं लागतं. मॅकवर ‘फाइलव्हॉल्ट’ चालू आहे का ते सेटिंगमध्ये दिसतं. विंडोजच्या प्रो आवृत्तीत ‘बिटलॉकर’ असतं आणि होम आवृत्तीत बऱ्याच लॅपटॉपवर ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’. त्याची रिकव्हरी की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठलेली असते. ती छापून घरी ठेवा, लॅपटॉपच्या बॅगेत नको.

पासकोड चार आकडी असेल तर बदला. सहा आकड्यांचे दहा लाख प्रकार होतात, पण जन्मतारीख टाकलीत तर त्या दहा लाखांचा उपयोग नाही. अक्षरं-आकडे मिसळून दहा-बारा जागांचा पासकोड प्रवासापुरता तरी ठेवा. बोटाचा ठसा आणि चेहऱ्याने उघडणं बंद करा. तुमच्या इच्छेविरुद्ध चेहऱ्यासमोर फोन धरणं सोपं असतं, डोक्यातला पासकोड काढून घेणं तितकं सोपं नसतं. ऐनवेळी बंद करायचं राहिलं तर आयफोनवर बाजूचं बटण आणि आवाजाचं बटण एकत्र दोन-तीन सेकंद दाबून धरलं की पुढच्या वेळी पासकोडच लागतो. बऱ्याच अँड्रॉइड फोनांत पॉवर मेन्यूमध्ये ‘लॉकडाउन’ असतं.

उतरण्याआधी पूर्ण बंद

हे एकच काम करणार असाल तर हे करा. फोन लॉक असणं आणि फोन बंद असणं यात मोठा फरक आहे. एकदा पासकोड टाकून उघडलेला फोन नंतर लॉक केला तरी मजकूर उलगडणाऱ्या चाव्या त्याच्या मेमरीत तशाच असतात, आणि तपासणीची यंत्रं याच अवस्थेतल्या फोनातून जास्त काढू शकतात. पूर्ण बंद करून सुरू केलेल्या, पण अजून पासकोड न टाकलेल्या फोनात त्या चाव्या मेमरीत आलेल्याच नसतात. म्हणून विमान उतरायच्या आधी फोन आणि लॅपटॉप दोन्ही शटडाऊन करा. लॅपटॉपचं झाकण मिटणं म्हणजे बंद करणं नव्हे.

बॅटरी मात्र भरलेली असू द्या, कारण अमेरिकेला जाणाऱ्या विमानात चढण्याआधी सुरक्षा तपासणीत लॅपटॉप सुरू करून दाखवायला सांगू शकतात. फोन बंद असणार म्हणून मुक्कामाचा पत्ता, यजमानाचा नंबर, परतीचं तिकीट, आय-७९७ (नोकरीच्या व्हिसाच्या अर्जाचं मंजुरीपत्र) किंवा आय-२० (विद्यार्थ्याला कॉलेजकडून मिळणारा फॉर्म) हे सगळं छापील ठेवा. ‘थांबा, मेलमध्ये आहे, दाखवतो’ म्हणत फोन उघडणं म्हणजे आपणच तपासणीला बोलावणं.

काउंटरवर

खोटं बोलू नका. अमेरिकेत सरकारी अधिकाऱ्याला जाणूनबुजून खोटं सांगणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. ‘माझ्याकडे दुसरा फोन नाही’, ‘मी फेसबुक वापरत नाही’, ‘पासवर्ड विसरलो’ अशी वाक्यं खरी नसतील तर तोंडातून काढू नका. ‘तो डेटा मी घरी ठेवलाय, सोबत आणलेला नाही’ हे खरं असेल तर सांगायला हरकत नाही.

फोन उघडायचं ठरवलंत तर पासकोड लिहून देण्याऐवजी ‘मी स्वतः टाकून देतो’ असं शांतपणे म्हणा. नेटवर्क बंद आहे ना, हे विचारा. वकील, डॉक्टर किंवा पत्रकार असाल आणि फोनात व्यावसायिक गोपनीय मजकूर असेल तर तसं लगेच सांगा. वकील-अशील पत्रव्यवहारासाठी सीबीपीची वेगळी पद्धत आहे, पण ती सांगितल्याशिवाय सुरू होत नाही. फोन हिसकावू नका, वाद घालू नका. अधिकाऱ्याचं नाव आणि बॅज नंबर मनात ठेवा आणि बाहेर आल्याबरोबर कागदावर उतरवा.

फोन ठेवून घेतला तर पावती मागा. तिला ‘फॉर्म ६०५१-डी’ म्हणतात, आणि ती मिळाल्याशिवाय काउंटर सोडू नका. निर्देशपत्राप्रमाणे उपकरण सहसा पाच दिवसांपेक्षा जास्त ठेवायचं नसतं, पण वरिष्ठ ती मुदत वाढवू शकतात. ताब्यात गेलेला फोन घरून दूरवरून पुसून टाकण्याचा मोह होईल. तसं करू नका, तो पुरावा नष्ट करण्याचा प्रकार ठरू शकतो. त्याऐवजी दुसऱ्या उपकरणावरून महत्त्वाच्या खात्यांचे पासवर्ड बदला आणि त्या फोनवरचं लॉगिन तोडा. नंतर फोन परत मिळाला की बँकेसाठी तो लगेच वापरू नका. फॅक्टरी रीसेट करून, घरच्या बॅकअपवरून परत उभा करा.

ऑफिसचा लॅपटॉप

२०१७ च्या सुरुवातीला ह्यूस्टनला नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबमधल्या एका अभियंत्याला फोनचा पिन द्यावा लागला. तो भारतीय वंशाचा, अमेरिकेतच जन्मलेला नागरिक होता, आणि फोन त्याच्या संस्थेचा होता. पुण्या-मुंबईतून ऑनसाइट जाणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. कंपनीचं उपकरण नेताना आयटी विभागाला निघण्याआधी लेखी विचारा: अधिकाऱ्याने मागितलं तर मी उघडू का, आणि कुणाला कळवू? उत्तर मेलवर घ्या आणि त्याची छापील प्रत सोबत ठेवा. कोड आणि क्लायंटचा डेटा लॅपटॉपवर न ठेवता तिथे पोचून व्हीपीएनवरून, म्हणजे कंपनीच्या नेटवर्कला सुरक्षितपणे जोडून, घ्या. बी-१ (व्यावसायिक भेटीच्या) व्हिसावर मीटिंगला जाणाऱ्यांनी जरा जास्त काळजी घ्यावी: टीम्सवरचे ‘तिकडे जाऊन हे मॉड्यूल पूर्ण कर’ असे मेसेज व्हिसाच्या अटींशी जुळत नसतील, तर फोन कितीही स्वच्छ असला तरी प्रश्न उरतोच. तो प्रश्न कंपनीनेच योग्य व्हिसा घेऊन सोडवायचा असतो.

सोशल मीडिया

फोनमध्ये काहीच नसलं तरी इन्स्टाग्राम बाहेर उघडं असतं. व्हिसाच्या डीएस-१६० फॉर्ममध्ये गेल्या पाच वर्षांतली सोशल मीडियाची खाती २०१९ पासून विचारली जातात. जून २०२५ मध्ये विद्यार्थी व्हिसावाल्यांना प्रोफाइल सार्वजनिक ठेवायला सांगितलं गेलं, आणि १५ डिसेंबर २०२५ पासून तोच नियम एच-१बी आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या एच-४ व्हिसाला लागू झाला. म्हणजे मराठी घरांतल्या हजारो लेकी-जावयांना.

घाबरून खातं डिलीट करू नका. फॉर्मवर ते लिहावंच लागतं, आणि लपवणं पोस्टपेक्षा महाग पडतं. लिंक्डइनवरच्या नोकरीच्या तारखा अर्जाशी जुळतात का ते बघा. प्रोफाइल सार्वजनिक केलं की ते फसवणूक करणाऱ्यांनाही दिसतं, म्हणून जन्मतारीख, फोन नंबर, घराचा पत्ता, मुलांच्या शाळेचे फोटो आधी काढून घ्या. लोकांनी केलेले टॅग तुमच्या मंजुरीशिवाय दिसणार नाहीत, असं सेटिंग करा.

दुसरीकडे जाणार असाल तर

ब्रिटनमध्ये दहशतवादविरोधी कायद्याच्या ‘शेड्यूल ७’ खाली पोलिस कसल्याही संशयाशिवाय सहा तासांपर्यंत चौकशी करू शकतात, आणि पासवर्ड नाकारणं हा गुन्हा आहे. तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. न्यूझीलंडमध्ये २०१८ च्या कायद्याप्रमाणे संशयाला कारण असताना पासवर्ड नाकारला तर ५,००० न्यूझीलंड डॉलरपर्यंत दंड. कॅनडात अमेरिकेसारखीच पद्धत, फोन एअरप्लेन मोडवर टाकून. ऑस्ट्रेलियात सीमेवर पासकोड सांगण्याची सक्ती नाही, पण फोन ठेवून घेऊ शकतात. चीनमध्ये १ जुलै २०२४ पासून राज्य सुरक्षा यंत्रणेला उपकरणं तपासण्याचे लेखी नियमच आहेत. तिथे वेगळा फोन नेणंच शहाणपणाचं. दुबई-अबू धाबीत सीमेपेक्षा आतले कायदे जास्त लक्षात ठेवायचे: गुन्हा लपवण्यासाठी व्हीपीएन वापरलं तर पाच लाख ते वीस लाख दिरहम दंड आहे, आणि कुणाचा फोटो परवानगीशिवाय काढणं किंवा टाकणं हाही गुन्हा आहे.

भारतात परतताना

सॅटेलाइट फोन आणि सॅटेलाइटवरून मेसेज पाठवणारी गार्मिनसारखी उपकरणं भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय आणता येत नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर अशाच उपकरणामुळे एका कॅनेडियन धावपटूला अडवलं गेलं. सह्याद्रीतल्या ट्रेकसाठी भाच्याने अमेरिकेतून प्रेमाने दिलेलं असलं तरी ते तिकडेच राहू द्या.

प्रवासासाठी वेगळा लॅपटॉप घेतला असेल तर कस्टम्सचाही विचार करा. १८ वर्षांवरच्या प्रवाशाला परतताना एकच लॅपटॉप शुल्काशिवाय आणता येतो. दोन घेऊन निघत असाल, किंवा महागडा कॅमेरा सोबत असेल, तर जातानाच मुंबई विमानतळावर कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या. त्यावर सीरियल नंबर लिहिला जातो, तेव्हा चेक-इनच्या आधी वेळ ठेवा, नंबर स्वतः ताडून बघा आणि मूळ कागद पासपोर्टच्या पाकिटात ठेवा.